शिथिलनकालाची संकल्पना : अतिशीत द्रवांतील रेणुगती आणि ध्वनितरंग यांच्या अभ्यासाचा इतिहास

१. विषय आणि त्याची मर्यादा

घन आणि द्रव यांतील भेद रोजच्या व्यवहारात कोणाला शिकवावा लागत नाही. आपला आकार राखतो तो घन आणि भांड्याचा आकार घेतो तो द्रव, एवढी व्याख्या पुरेशी वाटते. परंतु या दोहोंच्या सीमेवर भाषा अधिक सावध असते. मराठीत पाणी गोठते, तूप थिजते, रक्त साकळते आणि आमटी आळते. यांपैकी 'गोठणे' या क्रियापदाने अवस्था पालटल्याचा बोध होतो. 'थिजणे' यात हालचाल हळूहळू मंदावत जाऊन थांबल्याची छटा आहे. 'आळणे' यात पदार्थ द्रवच राहतो, केवळ त्याचे वाहणे जड होते. हे अर्थ परस्परांपासून निश्चितपणे वेगळे करण्यास भौतिकशास्त्राला दीर्घकाळ लागला, आणि ज्या पदार्थांच्या अभ्यासातून तो निर्णय झाला ते म्हणजे अतिशीत द्रव होत.

एखादा द्रव त्याच्या गोठणबिंदूच्या खाली नेला असताही स्फटिकरूप न होता द्रवच राहिला, तर त्यास अतिशीत द्रव म्हणतात. या चमत्काराची पहिली सुप्रसिद्ध नोंद फॅरनहाइट याने १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केली. पाणी भरून मुख बंद केलेला काचेचा गोल त्याने कडक थंडीत ठेवला असता पाणी द्रवच राहिले; गोलाचे टोक मोडून हवा आत जाताच मात्र बर्फाचे कण पाण्यात झपाट्याने पसरले. पाण्याच्या बाबतीत ही स्थिती नाजूक असते. ग्लिसरीन, साखरेचा पाक, बोरिक ऑक्साइडचा वितळलेला रस आणि काचेचा रस यांच्या बाबतीत ती पुष्कळच टिकाऊ असते. हे पदार्थ थंड करीत गेले असता ते दाटत जातात आणि स्फटिक न बनताच अखेरीस काचरूप होतात.

अशा पदार्थाचे द्रवत्व नेमके कोठे संपते, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर डोळ्यांनी किंवा सूक्ष्मदर्शकाने मिळाले नाही. ते मुख्यत्वे ध्वनीच्या साहाय्याने मिळाले. ते असे की, द्रवत्व हा पदार्थाचा निरपेक्ष गुण नव्हे. रेणूंना आपली मांडणी बदलण्यास लागणारा काळ आणि पदार्थाला त्यासाठी दिलेला काळ यांच्या गुणोत्तरावर ते अवलंबून असते. हा विचार कसा निर्माण झाला, कोणत्या प्रयोगांनी तो पडताळला गेला आणि त्याची मर्यादा कोठे आहे, एवढेच प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

२. संज्ञांविषयी थोडेसे

या विषयातील दोन संज्ञांचा अर्थ प्रथम निश्चित करणे इष्ट होय. पहिली संज्ञा 'श्यानता'. द्रवाच्या एका थरावरून दुसरा थर सरकत असता जो विरोध होतो त्याचे हे माप आहे. युरोपीय भाषांतील तिचा प्रतिशब्द लॅटिनमधील 'व्हिस्कुम' या शब्दापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ बांडगुळाची एक जात असा असून, तिच्या फळांपासून पक्षी पकडण्यासाठी केलेल्या चिकट लगद्यालाही तेच नाव होते. म्हणजे तेथे कल्पना चिकटपणाची आहे. मराठीत रूढ असलेला 'विष्यंदिता' हा दुसरा शब्द 'स्यन्द्', म्हणजे वाहणे, या धातूपासून साधलेला आहे. 'श्यानता' हा शब्द मात्र 'श्यै' या धातूकडे जातो. या धातूच्या रूपांविषयी पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात स्वतंत्र नियम दिला आहे. द्रवाला काठिण्य येणे आणि स्पर्शाला थंड लागणे या दोन अर्थी त्या धातूच्या रूपात विशेष बदल होतो. त्यातूनच थिजलेल्या तुपासाठी 'शीन' आणि थंड पाण्यासाठी 'शीत' ही रूपे सिद्ध होतात. गारठणे आणि दाटणे या दोन घटना एका धातूच्या कक्षेत याव्यात, ही गोष्ट अतिशीत द्रवांच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही. तथापि तुपाचा दाखला येथे पूर्णपणे लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. तूप थिजते तेव्हा त्यात स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. अतिशीत द्रवात असे काहीही न घडता केवळ हालचाल मंदावते.

दुसरी संज्ञा 'शिथिलनकाल'. ताणलेली दोरी सैल पडावी त्याप्रमाणे पदार्थात निर्माण झालेला ताण आपोआप ओसरण्यास जो काळ लागतो, तो शिथिलनकाल. या निबंधाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एका संज्ञेचा इतिहास होय.

३. ध्वनी आणि काळ : न्यूटनपासून स्टोक्सपर्यंत

ध्वनितरंग म्हणजे माध्यमात पुढे सरकणारी संकोच-प्रसरणांची मालिका. माध्यम दाबाला जितका अधिक विरोध करील तितका ध्वनीचा वेग अधिक, आणि माध्यमाची घनता जितकी जास्त तितका तो कमी, हा नियम न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात मांडला. परंतु त्याच्या गणिताने हवेतील ध्वनीचा वेग प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी येत होता. ही तफावत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उकलली नाही. १८१६ मध्ये लाप्लास याने तिचे कारण दाखविले. हवा दाबली गेली की ती तापते, आणि ध्वनीच्या संकोचात ही उष्णता बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. त्यामुळे हवा न्यूटनच्या गृहीतापेक्षा अधिक ताठर वागते. येथे प्रथमच असे दिसून आले की, ध्वनीचा वेग केवळ माध्यम कोणते यावर नव्हे, तर माध्यमातील एखादी क्रिया ध्वनीच्या आवर्तकालात पुरी होते की नाही यावरही अवलंबून असतो. लाप्लासच्या विवेचनात ही क्रिया उष्णतेच्या वहनाची होती. पुढे रेणूंच्या हालचालीबाबत हाच युक्तिवाद योजला गेला.

द्रवांतील ध्वनीचे मापन यानंतर लवकरच झाले. जॉन कँटनने १७६२ मध्ये पाणी दाबले जाते हे दाखविले होते. १८२६ मध्ये कोलादाँ आणि स्टुर्म यांनी जिनीव्हाच्या सरोवरात एका नावेतून पाण्यात बुडविलेली घंटा वाजविली, त्याच क्षणी दारू पेटवून उजेड केला, आणि तेरा किलोमीटरांहून अधिक अंतरावरील दुसऱ्या नावेत पाण्यातून येणारा नाद ऐकून काळ मोजला. आठ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला १,४३५ मीटर ठरला. हा आकडा आजच्या मापनाशी जवळजवळ जुळतो.

१८४५ मध्ये स्टोक्स याने श्यानतेमुळे ध्वनीचे शोषण किती होईल याचे गणित केले आणि १८६८ मध्ये किर्खोफ याने त्यात उष्णतावहनाची भर घातली. या गणिताप्रमाणे शोषण श्यानतेच्या प्रमाणात आणि कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अतिशीत द्रवांना हा नियम लावला असता एक विलक्षण निष्कर्ष निघतो. थंडीबरोबर श्यानता कोट्यवधी पटींनी वाढते. तेव्हा शोषणही अमर्याद वाढून अशा द्रवातून ध्वनी जाताच कामा नये. परंतु काचेतून ध्वनी उत्तम प्रकारे जातो. म्हणजे द्रवापासून काचेपर्यंतच्या प्रवासात कोठेतरी स्टोक्सचा नियम निरुपयोगी होतो. तो कोठे व का होतो, हे स्टोक्सच्या समीकरणांतून कळण्यासारखे नव्हते.

४. मॅक्सवेलचा विचार

द्रव अतिशय जलद आघातापुढे घनासारखा वागेल, अशी सूचना प्वासाँ याने स्टोक्सपूर्वीच केली होती. तिला निश्चित रूप दिले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने, १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वायूंच्या गतिसिद्धांतावरील निबंधात. त्याचा विचार थोडक्यात असा : कोणताही पदार्थ एकाएकी विकृत केला असता प्रथम तो घनाप्रमाणे स्थितिस्थापक विरोध करतो. मग रेणूंच्या हालचालीमुळे तो ताण ओसरू लागतो. ओसरण्याचा काळ अत्यल्प असेल तर पदार्थ आपल्याला द्रव भासतो, आणि तो फार मोठा असेल तर घन. या क्षणिक दृढतेचा गुणांक आणि शिथिलनकाल यांचा गुणाकार म्हणजेच श्यानता, असे सोपे सूत्र त्याने दिले.

या सूत्राचे महत्त्व असे की, त्याने श्यानता आणि दृढता या परस्परविरोधी वाटणाऱ्या गुणांना काळाच्या साहाय्याने जोडले. डांबराचा गोळा हातोड्याने फुटतो आणि तोच गोळा नरसाळ्यात ठेवला तर वर्षांमागून वर्षे थेंबाथेंबाने गळतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात अशा नरसाळ्याचे तोंड १९३० मध्ये मोकळे करण्यात आले. २०१४ पर्यंत त्यातून केवळ नऊ थेंब पडले. हातोडा आणि नरसाळे यांत पदार्थ एकच आहे. भिन्न आहे तो काळ.

मॅक्सवेलच्या सूत्रावरून पाण्याचा शिथिलनकाल काढला तर तो सेकंदाच्या सुमारे एक लक्ष कोटीव्या भागाइतका येतो. एवढ्या अल्प आवर्तकालाचा ध्वनी एकोणिसाव्या शतकात निर्माण करणे शक्य नव्हते. त्यामुळे हा विचार तत्त्वतः मान्य होऊनही पडताळ्यावाचून राहिला.

५. रेणूंच्या हालचालीचे चित्र

ताण ओसरतो तो रेणूंच्या नेमक्या कोणत्या हालचालीमुळे, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. आइन्स्टाइनने १९२० मध्ये अंशतः विघटन पावलेल्या वायूचा विचार केला. असा वायू दाबला असता विघटित रेणू पुन्हा जुळू लागतात, पण ध्वनी अतिशय जलद असेल तर ही जुळणी मागे पडते आणि ध्वनीचा वेग वाढतो. १९२८ मध्ये हेर्त्सफेल्ट आणि राइस यांनी हाच विचार रेणूंच्या अंतर्गत कंपनांना लावला. टकरीत मिळालेली ऊर्जा अंतर्गत कंपनांत शिरण्यास वेळ लागतो. त्या विलंबामुळेही ध्वनीचे शोषण होते.

द्रवांसाठी सर्वांत बोधप्रद चित्र याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये मांडले. त्याच्या मते द्रवातील रेणू वायूतील रेणूंप्रमाणे मुक्तपणे भटकत नाहीत. प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या वेढ्यात काही काळ एका जागी कंप पावत राहतो आणि पुरेशी ऊर्जा एकवटली की उडी मारून नव्या जागी जातो. दोन उड्यांमधील सरासरी मुक्काम म्हणजेच जवळजवळ मॅक्सवेलचा शिथिलनकाल. तापमान उतरेल तसा हा मुक्काम लांबत जातो. ध्वनीचा आवर्तकाल मुक्कामापेक्षा मोठा असेल तर रेणूंना मांडणी बदलण्यास सवड मिळते आणि पदार्थ द्रवासारखा वागतो. तो मुक्कामापेक्षा लहान असेल तर रेणू आपापल्या जागीच असतात आणि पदार्थ घनासारखा वागतो. १९३७ मध्ये मांडेलश्टाम आणि लिओंटोव्हिच यांनी या सर्व प्रकारच्या विलंबांना लागू पडेल असे सामान्य गणित दिले.

या गणितातील मध्यवर्ती गोष्ट सोप्या शब्दांत सांगता येते. द्रवावर दाब आला असता तो दोन टप्प्यांत आकसतो. प्रथम रेणूंमधील अंतरे किंचित कमी होतात. हे तत्काळ घडते. नंतर रेणू आपली जागा बदलून अधिक दाटीवाटीची मांडणी स्वीकारतात. याला शिथिलनकालाइतका अवधी लागतो. ध्वनी मंद असता दोन्ही टप्पे पुरे होतात, द्रव सहज दबतो आणि वेग कमी राहतो. ध्वनी फार जलद असता दुसरा टप्पा घडतच नाही, द्रव ताठर बनतो आणि वेग वाढतो. या दोन टोकांच्या मध्ये, ध्वनीचा आवर्तकाल आणि शिथिलनकाल एकाच श्रेणीत आले असता, दुसरा टप्पा घडतो खरा, पण उशिरा. दाब ओसरू लागला तरी आकसणे चालूच असते. या मागेपुढे होण्यात ध्वनीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. म्हणून प्रत्येक तरंगलांबीमागे होणारे शोषण थंडीबरोबर प्रथम वाढते, एका तापमानाला कमाल गाठते आणि मग पुन्हा उतरते. स्टोक्सचा नियम जेथे निरुपयोगी होतो ती जागा हीच.

६. बंगळूरचे संशोधन

हे सर्व प्रत्यक्ष पाहावयाचे तर पुरेशा उच्च कंप्रतेचा ध्वनी हवा. त्याचा एक मार्ग पदार्थाच्या अंतरंगातूनच निघाला. रेणूंच्या उष्णताजन्य हालचालीमुळे प्रत्येक पदार्थात सर्व कंप्रतांचे सूक्ष्म ध्वनितरंग सदैव चालू असतात. त्यांवरून प्रकाशाचे प्रकीर्णन झाले असता प्रकाशाची कंप्रता त्या ध्वनीच्या कंप्रतेइतकी कमी-जास्त होईल, असे ब्रिल्वाँ याने १९२२ मध्ये आणि मांडेलश्टाम याने स्वतंत्रपणे १९२६ मध्ये दाखविले. ग्रोस याने १९३० मध्ये द्रवांत हा परिणाम पाहिला. येथे ध्वनीची कंप्रता सेकंदाला सुमारे एक हजार कोटी आवर्तनांची असते आणि ती मिळविण्यासाठी कोणतेही ध्वनियंत्र लागत नाही.

या क्षेत्रात बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील कार्याला महत्त्वाचे स्थान आहे. चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्रनाथ यांनी १९३५ पासून पुढील काळात श्राव्यातीत ध्वनीमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा सिद्धांत मांडला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच संस्थेत द्रवांतील प्रकीर्ण प्रकाशाचेही बारकाईने निरीक्षण चालू होते. १९३९ मध्ये रामन आणि वेंकटेश्वरन यांनी 'नेचर' या नियतकालिकात द्रवांच्या दृढतेविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. ग्लिसरीनमधील प्रकीर्ण प्रकाशावरून काढलेला ध्वनीचा वेग हा नेहमीच्या श्राव्यातीत ध्वनीच्या वेगापेक्षा लक्षणीय अधिक भरतो, असा त्यांचा अनुभव होता. मॅक्सवेलच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. साध्या तापमानाला ग्लिसरीनचा शिथिलनकाल सेकंदाच्या सुमारे दोनशे कोटीव्या भागाइतका असतो. प्रकीर्णनातील ध्वनीचा आवर्तकाल त्याहूनही लहान, म्हणजे एक हजार कोटीव्या भागाच्या आसपास असतो. तेवढ्या अवधीत ग्लिसरीनच्या रेणूंना जागा बदलता येत नाही. बाटलीतून ओतता येणारा हा द्रव त्या ध्वनीपुरता घन असतो. मॅक्सवेलच्या विचारानंतर सात दशकांनी मिळालेल्या पहिल्या स्पष्ट दाखल्यांत या निरीक्षणाची गणना करणे योग्य होईल.

७. ग्लिसरीन : प्रयोगाचा मुख्य पदार्थ

प्रकीर्णनात कंप्रता जवळजवळ ठरलेली असते. श्राव्यातीत ध्वनीच्या पद्धतीत ती इच्छेनुरूप बदलता येते, परंतु सामान्यतः ती सेकंदाला काही लक्ष ते काही कोटी आवर्तनांच्या मर्यादेत राहते. अशा वेळी ध्वनी अधिक जलद करण्याऐवजी रेणूच मंद करावेत, हा उपाय फलदायी ठरला. अतिशीत द्रवांचे प्रयोगातील महत्त्व यातच आहे.

ग्लिसरीनचा गोठणबिंदू सुमारे १८ अंश सेल्सिअस असूनही ते क्वचितच स्फटिकरूप होते. २० अंशांवर त्याची श्यानता सुमारे १.४ पास्कल-सेकंद, म्हणजे पाण्याच्या सुमारे चौदाशेपट असते. शून्य अंशावर ती १२, उणे २० अंशांवर १३० हून अधिक आणि उणे ४२ अंशांवर सुमारे ६,७०० पास्कल-सेकंद होते. त्याची क्षणिक दृढता काही शेकडो कोटी पास्कल असते. या आकड्यांना मॅक्सवेलचे सूत्र लावले तर उणे २० अंशांवरील शिथिलनकाल सेकंदाच्या सुमारे अडीच कोटीव्या भागाइतका आणि उणे ४२ अंशांवरील सुमारे पाच लक्षाव्या भागाइतका येतो. म्हणजे जी घटना साध्या तापमानाला प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेर होती, ती थंडीमुळे नेहमीच्या स्फटिकदोलकाच्या टप्प्यात आली.

१९४९ मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत मेसन आणि त्याचे सहकारी यांनी द्रवांची कर्तन-दृढता श्राव्यातीत कंप्रतेला मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कर्तन-तरंग म्हणजे ज्यात थर एकमेकांवरून आडवे सरकतात असा तरंग; तो सामान्य द्रवात फार खोल जाऊ शकत नाही. म्हणून त्यांनी तो क्वार्ट्झमधून आणून द्रवाच्या पृष्ठावर आपटविला आणि परतलेल्या तरंगातील फरकावरून द्रवाचा विरोध काढला. वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठात लिटोव्हिट्झ आणि त्याचे सहकारी यांनी ग्लिसरीन व तत्सम द्रवांत ध्वनीचा वेग आणि शोषण तापमानानुसार मोजले. शोषणाची कमाल अपेक्षेप्रमाणे आढळली आणि कंप्रता वाढविली असता ती अधिक उष्ण तापमानाकडे सरकली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिचिरेल्ली व लिटोव्हिट्झ यांच्या मापनातून असेही निष्पन्न झाले की, ग्लिसरीनमध्ये आकाराच्या विकृतीचे आणि आकारमानाच्या विकृतीचे शिथिलन एकाच कालश्रेणीत होते. दोहोंच्या मुळाशी रेणूंची एकच पुनर्रचना असावी, असा याचा अर्थ. हेर्त्सफेल्ट आणि लिटोव्हिट्झ यांच्या १९५९ च्या ग्रंथात हे संशोधन एकत्र केलेले आहे.

त्या ग्रंथात केलेला एक भेद येथे लक्षात ठेवला पाहिजे. बेंझिनसारख्या पातळ द्रवात ध्वनीचे शोषण जुन्या गणिताच्या सुमारे शंभरपट भरते. त्याचे कारण ऊर्जा रेणूंच्या अंतर्गत कंपनांत उशिरा शिरते हे होय. पाण्यात ते सुमारे तिप्पट भरते, आणि त्याचे कारण रेणूंच्या मांडणीतील बदल हे असल्याचे हॉल याने १९४८ मध्ये प्रतिपादिले. अतिशीत, दाट द्रवांतील शोषण या दुसऱ्या वर्गात मोडते. रेणूंची गती म्हटली की दोन्ही कारणांची गल्लत होण्याचा संभव असतो; म्हणून हा खुलासा आवश्यक आहे.

ग्लिसरीन उणे ८३ अंशांच्या सुमारास काचरूप होते. तेथे श्यानता सुमारे एक लक्ष कोटी पास्कल-सेकंद आणि शिथिलनकाल शंभर सेकंदांच्या घरात असतो. साध्या तापमानाला श्राव्यातीत ध्वनीचा जो वेग सेकंदाला सुमारे १,९०० मीटर असतो, तो काचरूप ग्लिसरीनमध्ये ३,५०० मीटरांच्या पलीकडे जातो. या प्रवासात पदार्थाची रासायनिक घटना बदललेली नसते आणि रेणूंची मांडणीही द्रवासारखीच अव्यवस्थित राहते.

८. एकच काळ अपुरा पडतो

येथवरचा इतिहास मॅक्सवेलच्या विजयाचा आहे. यापुढील इतिहास त्याच्या सूत्राची मर्यादा दाखवितो. शिथिलनकाल एकच असता तर शोषणाचा आलेख एका विशिष्ट रुंदीचा आला असता; प्रत्यक्षात तो बराच अधिक रुंद येतो. ग्लासगो विद्यापीठात बार्लो, लँब आणि त्यांचे सहकारी यांनी १९६६ व १९६७ मध्ये अनेक अतिशीत द्रवांचे कर्तन-शिथिलन मोजून हे निःसंशय दाखविले. अशा रुंद शिथिलनाला लागू पडणारे सूत्र रूडॉल्फ कोलराउश याने १८५४ मध्येच, विद्युत्संचयपात्रातील उरलेल्या भाराचा ऱ्हास तपासताना, योजले होते. १९७० मध्ये विल्यम्स आणि वॉट्स यांनी त्याचा पुन्हा उपयोग केला आणि तेव्हापासून ते या क्षेत्रात रूढ झाले. त्याच वर्षी जोहरी आणि गोल्डस्टाइन यांनी दाखविले की, साध्या, ताठ रेणूंच्या द्रवांतही मुख्य शिथिलनाखेरीज दुसरे, अधिक जलद शिथिलन आढळते. म्हणजे मोठी पुनर्रचना थांबल्यावरही काही स्थानिक हालचाल चालूच राहते.

दुसरी अडचण तापमानाची. फ्रेंकेलच्या चित्राप्रमाणे उडीसाठी लागणारी ऊर्जा ठरीव असावी. परंतु बहुतेक अतिशीत द्रवांत शिथिलनकाल त्याहून फार झपाट्याने वाढतो, हे फोगेल (१९२१), फुल्चर (१९२५) आणि टामान व हेसे (१९२६) यांच्या श्यानतेच्या मापनांवरून आधीच ज्ञात होते. १९६५ मध्ये अ‍ॅडम आणि गिब्स यांनी त्याची उपपत्ती सुचविली. थंड द्रवात एकटा रेणू हलू शकत नाही. त्याच्यासह शेजाऱ्यांचा एक गटच हलावा लागतो आणि तापमान उतरते तसा हा गट मोठा होतो. गर्दीने भरलेल्या डब्यात एका प्रवाशाला दाराकडे सरकायचे तर अनेकांना जागा बदलावी लागते, तसाच हा प्रकार होय. १९८४ मध्ये ग्योत्से व त्याचे सहकारी आणि स्वतंत्रपणे लॉइटहॉइसर यांनी शेजाऱ्यांच्या या पिंजऱ्याचे गणिती विवेचन दिले. तथापि काचसंक्रमणाजवळील अत्यंत मंद हालचालींना ते पुरे पडत नाही.

मापनाच्या पद्धतीही विस्तारल्या. बर्ज आणि नेगेल यांनी १९८५ मध्ये ग्लिसरीनची विशिष्ट उष्णतादेखील कंप्रतेनुसार बदलते हे दाखवून शिथिलनाचा विचार ध्वनीच्या बाहेर नेला. १९८८ मध्ये नेल्सन व त्याचे सहकारी यांनी लेसरच्या स्पंदांनी ध्वनितरंग निर्माण करून श्राव्यातीत मापन आणि प्रकीर्णन यांमधील कंप्रतांची पोकळी ग्लिसरीनसाठी बरीचशी भरून काढली. १९९० नंतरच्या दशकात ग्रनोब्ल येथील क्षकिरण-स्रोतावर सेकंदाला एक लक्ष कोटी आवर्तनांच्या श्रेणीतील ध्वनीही अभ्यासिला गेला. फिलिप अँडरसन याने १९९५ मध्ये काचेचे आणि काचसंक्रमणाचे स्वरूप हा घनपदार्थ-सिद्धांतातील बहुधा सर्वांत गहन अनुत्तरित प्रश्न असल्याचे मत व्यक्त केले. त्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

९. एका प्रचलित विधानाची तपासणी

या इतिहासाचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. 'काच हा अतिशीत द्रव आहे' हे विधान अनेक पाठ्यपुस्तकांतून आढळते आणि पुरावा म्हणून युरोपातील जुन्या चर्चच्या खिडक्यांचा दाखला दिला जातो. त्या काचा तळाशी जाड असतात, कारण शतकानुशतके काच खाली ओघळली, असे सांगतात. जाडीतील असमानता खरी आहे, पण तिचे कारण काच फुंकून व फिरवून पत्रे बनविण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. झानोट्टो याने १९९८ मध्ये केलेल्या गणिताप्रमाणे अशा काचेला साध्या तापमानात दिसण्याइतके वाहण्यास विश्वाच्या वयाहूनही कितीतरी अधिक काळ लागेल.

विधानातील चूक केवळ दाखल्याची नाही. ती संज्ञेची आहे. अतिशीत द्रव स्फटिकाच्या तुलनेने अस्थिर असला तरी त्याचे रेणू निरीक्षणाच्या अवधीत आपली मांडणी बदलून तापमानाशी समतोल साधतात. काचसंक्रमणाखाली हा समतोल साधण्यास अवधी पुरत नाही. रेणूंची मांडणी संक्रमणाच्या वेळी होती तशीच अडकून पडते. म्हणूनच काचसंक्रमणाचे तापमान शीतनाच्या वेगाबरोबर थोडे बदलते. गोठणबिंदूचे तसे नसते. तेव्हा 'काच हा अतिशीत द्रवापासून झालेला, समतोलास मुकलेला घन पदार्थ आहे' असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

सारांश, न्यूटन आणि लाप्लास यांच्या हवेतील ध्वनीविषयीच्या विचारापासून निघालेला युक्तिवाद मॅक्सवेलच्या हाती शिथिलनकालाच्या संज्ञेत स्थिर झाला, फ्रेंकेलने त्याला रेणूंचे चित्र दिले आणि बंगळूर, वॉशिंग्टन व ग्लासगो येथील मापनांनी तो ग्लिसरीनसारख्या द्रवांत पडताळून पाहिला. त्या मापनांनीच एका शिथिलनकालाची कल्पना अपुरी असल्याचेही सिद्ध केले. घन आणि द्रव ही नावे यामुळे टाकाऊ ठरत नाहीत. मात्र ती वापरताना कोणत्या तापमानाला आणि किती काळाच्या मर्यादेत, हे सांगणे आवश्यक झाले आहे.